शेपूट पुढे

कोजागिरी होऊन तीन दिवस झालेले,
म्हणजे चंद्र उगवायला अजून तासभर होता.
नववीच्या अकरांपैकी नऊ मुलं आली
शाळेच्या अगाशीवर, बाबाजीपुऱ्यात,
गरबा खेळून दुखणारे पाय घेऊन;
आणि शिपाई केरबा मोहिते,
कारण कुलूप त्यालाच लावायचं होतं.

पश्चिमेला, स्टेशनच्या उजेडाच्या जरा वर,
ओल्या बोटाने पाटी पुसावी
तसा एक पुसट पट्टा.

"एवढंच?" उर्वी म्हणाली.
एवढंच.
यासाठी मी तीन आठवडे फळा भरत होते.

शेंडेनक्षत्र. डोकं खाली, शेंडा वर.
रोज संध्याकाळी थोडं थोडं वर चढतंय,
म्हणजे निघालंय. सूर्याला वळसा घालून झाला.

"मग शेपूट मागे हवं ना, बाई?
रिक्षाच्या धुरासारखं?"
नाही रे ओजस. शेपटाला रस्ता कळत नाही,
फक्त सूर्य कळतो.
येताना ते मागे असतं, जाताना पुढे.

केरबाने न पेटवलेली विडी कानावर ठेवली.
"बरोबर आहे," म्हणाला, "हुजुरांना पाठ दाखवत नाहीत."
त्याचा खापरपणजा राजवाड्यात चोपदार होता,
कुणी विचारलं नाही तरी तो सांगतो.
किल्ल्या कमरेला खोचून
बुडालेल्या सूर्याकडे त्याने तीन मुजरे केले
आणि निघाला उलट्या पावलांनी,
मागे न बघता, सात पावलं,
पाण्याच्या टाकीच्या वीतभर अलीकडे थांबला.

कुणी हसलं नाही.
बावीस वर्षं मी हे शिकवते,
आणि कधीच इतकं नीट सांगितलं नव्हतं.

मग चंद्र आला, न्यायमंदिराच्या बाजूने,
आणि पट्टा विरघळला.

जिना उतरताना उर्वीने विचारलं,
परत येईल?
लंबवर्तुळ असेल तर येईल, म्हटलं.
अन्वस्त असेल तर नाही.
अपास्त असेल तर नाहीच नाही.
"मग हे कुठलं?"
खरं सांगायचं तर, सूर्याजवळ
तिघांचं वळण जवळजवळ सारखंच दिसतं.
शेजारून बघणाऱ्याला कळत नाही
यातलं कोण परतणारं आहे.

दुसऱ्या दिवशी मैदानात:
दोन खिळे, खडू, ओजसची फिरकी,
उत्तरायणातली उरलेली दोरी, मांजा नसलेली.
खिळे जवळ ठोकले तर गरब्याचं रिंगण.
जरा लांब, तर अंडं.
आणखी लांब, तर काकडी, मुलंच म्हणाली.

या नाभीत सूर्य.
"आणि त्या?"
त्या नाभीत काही नसतं.
रिकामी जागा. पण ती धरल्याशिवाय
आकृती होत नाही.

(मार्चनंतर ही शाळा दुसऱ्या शाळेत मिळवणार आहेत.
कागद कपाटात आहे. केरबाला माहीत आहे,
कपाटाची किल्ली त्याच्याकडेच असते.)

अन्वस्त कसं काढायचं, बाई?
दुसरा खिळा लांब न्यायचा.
किती लांब?
ओजसने खिळा उपटला आणि चालू लागला.
झेंड्याच्या खांबाशी थांबला. इथे?
अजून.
फाटकाशी. इथे?
अजून, म्हटलं, आणि केरबाने फाटक उघडलं.
तो गेला रस्ता ओलांडून, स्कूटरवाल्यांना हात दाखवत,
शेवउसळवाल्याच्या बाकावरून दोरी उचलून घेत,
वळणावर, आणि वळणापलीकडे.

उर्वीच्या हातात फिरकी गरगर फिरत होती.
मग सावकाश.
मग एकेक आटा.

मी ओणवी, सूर्याच्या खिळ्यावर बोट ठेवून.
दोरी थरथरते आहे, म्हणजे तो अजून चालतोय.
दुसऱ्या हातात खडू आहे,
रेघ काढायची राहिली आहे.